जुम्मा दरवाज्यासमोरची बखर

महालातल्या गांधी गेटला जुनी माणसे अजून जुम्मा दरवाजा म्हणतात. नागपूरला कोट होता त्या काळचा हा दरवाजा, गोंड राजा चांद सुलतान याने बांधलेला. जवळच्या तलावाचीही तीच गत. आधी जुम्मा तलाव, मग शुक्रवारी तलाव, आता कागदोपत्री गांधीसागर. दरवाज्याजवळ शिवाजी महाराजांचा पुतळा आहे. तिथून पायी निघाले तर गोंड राजाचा किल्ला, भोसल्यांचा वाडा, चिटणीस पार्क, राष्ट्रीय स्वयंसेवक संघाचे मुख्यालय, वाटेतली देवळे आणि मशिदी एवढे सगळे पाहून माणूस तासाभरात परत पुतळ्यापाशी येतो. तीनशे वर्षे इतक्या दाटीने आणि इतक्या थोड्या पाट्यांनिशी उभी असलेली वस्ती विदर्भात दुसरी नाही.

१७ मार्च २०२५ रोजी तिथीप्रमाणे शिवजयंती होती. विश्व हिंदू परिषद आणि बजरंग दलाच्या कार्यकर्त्यांनी या पुतळ्यापाशी निदर्शने केली. मागणी होती खुलताबादची औरंगजेबाची कबर हटवण्याची. हिरव्या कापडाने झाकलेली प्रतीकात्मक कबर जाळण्यात आली. त्या कापडावर धर्मवचने होती, अशी अफवा पसरली आणि संध्याकाळी महाल व चिटणीस पार्क भागात, रात्री पुढे हंसापुरीपर्यंत दगडफेक आणि जाळपोळ झाली. तिसाहून अधिक पोलीस जखमी झाले. जखमी नागरिकांपैकी एकाचा पुढे रुग्णालयात मृत्यू झाला. शहराच्या अनेक पोलीस ठाण्यांच्या हद्दीत संचारबंदी लागली आणि ती पूर्ण उठायला जवळजवळ आठवडा गेला.

या लेखाचा विषय ती दंगल नाही. तिचा न्याय न्यायालयात होईल. मला बोलायचे आहे ते त्यानंतर महालात सतत कानावर पडणाऱ्या दोन वाक्यांविषयी. एक, ‘पेपरवाले आन् टीव्हीवाले खरं सांगत नाहीत जी.’ दुसरे, ‘खरा इतिहास आपल्याले शाळेत शिकवलाच नाही.’ मौज अशी, की ही वाक्ये एकमेकांकडे पाठ करून बसलेल्या गल्ल्यांत जवळजवळ त्याच शब्दांत बोलली जात होती. एका गल्लीत शाळेने औरंगजेबाचे अत्याचार लपवले म्हणून राग, दुसऱ्या गल्लीत शाळेतून अख्खी मुघल राजवट गाळली म्हणून राग. दोघांनाही वर्तमानपत्र विकले गेलेले वाटते. अविश्वासाच्या बाबतीत महालात पूर्ण एकमत आहे.

हा अविश्वास अडाणीपणाचा आहे असे म्हणून त्याला उडवून लावणे सोपे आहे. शहाणी माणसे तसे करतात. पण मराठीत इतिहासाविषयीच्या अविश्वासाला चांगली घराणेदार परंपरा आहे, आणि तो अनेकदा बरोबर ठरलेला आहे.

ग्रँट डफचा मराठ्यांचा इतिहास १८२६ साली इंग्रजीत निघाला. कॅप्टन डेव्हिड केपन याने त्याचे मराठी रूप सिद्ध केले आणि तेच पुस्तक ‘बखर’ म्हणून शाळांतून वाचले जाऊ लागले. म्हणजे मराठी मुलांनी आपल्या आज्या-पणज्यांची हकीकत त्यांना हरवणाऱ्यांपैकी एकाच्या लेखणीतून शिकायची. ज्या रेसिडेंटाने राज्याचा कारभार हाती घेतला तोच त्या राज्याचा इतिहास लिहितो, असा तो प्रकार. १८६७-६८च्या सुमारास नीळकंठ जनार्दन कीर्तने या विद्यार्थ्याने पुण्यात या पुस्तकावर टीका करणारा निबंध वाचला. शाळेतल्या इतिहासाच्या पुस्तकावर मराठी माणसाने जाहीरपणे घेतलेला हा पहिला मोठा संशय. पण कीर्तने ‘हे खोटे आहे’ म्हणून थांबले नाहीत. डफने कोणते कागद पाहिले, कोणते पाहिले नाहीत, पाहिलेल्यांचा अर्थ कुठे चुकवला, हे त्यांनी विचारले. त्या प्रश्नांतून पुढची वाट निघाली. १८७८ साली ‘काव्येतिहाससंग्रह’ सुरू झाला. १८९८ साली राजवाड्यांचा ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’चा पहिला खंड आला. १९१० साली भारत इतिहास संशोधक मंडळ स्थापन झाले. घरोघरच्या माळ्यांवर वाळवी लागत पडलेली दप्तरे खाली उतरली ती एका संशयामुळे.

वर्तमानपत्रांविषयीच्या अविश्वासाचेही तसेच. ३१ जानेवारी १९२० रोजी ‘मूकनायक’चा पहिला अंक निघाला, तेव्हा त्यातल्या अग्रलेखात बाबासाहेब आंबेडकरांनी मुंबई इलाख्यातली पत्रे विशिष्ट जातींचे हित पाहणारी असून इतरांच्या हिताची त्यांना पर्वा नसते, अशी तक्रार नोंदवली. आजच्या भाषेत ‘मीडिया विकला गेलाय’ याचा हा शंभर वर्षांपूर्वीचा उच्चार. फरक एवढाच, की तक्रार करणाऱ्याने नुसती तक्रार न करता नवे पत्र काढले होते. त्याआधी सत्यशोधकांनी १८७७ साली ‘दीनबंधु’ काढला होता तो याच कारणाने.

नागपुरात तर पत्राची बाजू कधीच लपलेली नव्हती. ओगल्यांचा ‘महाराष्ट्र’ कोणाचा, माडखोलकरांच्या संपादकत्वाखालचा ‘तरुण भारत’ कोणाचा, हे वाचणाऱ्याला ठाऊक असे. पत्राचे मस्तक पाहिले की कुठल्या बातमीला किती वजा करायचे याचा हिशेब डोक्यात आपोआप होई. ज्याला जास्तच खरे हवे असे तो दोन पत्रे वाची. हा अविश्वास होता, पण वजाबाकी येणाऱ्या माणसाचा अविश्वास होता. १७ मार्चच्या रात्री मोबाइलवर फिरणाऱ्या मजकुराला मस्तक नव्हते. तो कोणी लिहिला, कुठून पाठवला, व्हिडिओ कुठल्या शहरातला आणि कुठल्या वर्षातला, काही नाही. सायबर पोलिसांनी आक्षेपार्ह म्हणून शंभरावर पोस्टी शोधून काढल्या. ज्या माणसाला वर्तमानपत्राच्या नावगावासह छापलेल्या बातमीचा भरवसा वाटत नाही, त्याला निनावी मजकुराचा वाटतो, कारण तो ओळखीच्या माणसाकडून आलेला असतो. मेव्हण्याने पाठवला, गणपती मंडळाच्या गटात आला, मोहल्ल्यातल्या भाईजानने पाठवला. संशय छापणाऱ्यावर घ्यायचा आणि पाठवणाऱ्यावर घ्यायचा नाही, असा हा नवा नेम आहे.

आता औरंगजेबाकडे, किंवा खरे म्हणजे संभाजी महाराजांकडे वळतो, कारण २०२५च्या सगळ्या रागाचा उगम तिथे आहे.

संभाजी महाराजांच्या बाबतीत मराठी समाज खरोखरच फसवला गेला होता. त्यांचे जे चित्र दीडशे वर्षे आपल्या मनात होते, ते मुख्यतः मल्हार रामराव चिटणिसाच्या बखरीतून आले. ही बखर १८१०च्या सुमारास साताऱ्यात लिहिली गेली. महाराजांच्या मृत्यूला तेव्हा एकशे वीस वर्षे होऊन गेली होती. लिहिणारा बाळाजी आवजींचा वंशज, आणि बाळाजी आवजींना संभाजी महाराजांनी १६८१ साली देहदंड दिलेला. घराण्याची जखम शाईत उतरली नसती तरच नवल. ती बखर डफने वापरली, डफ शाळेत गेला, शाळेतून नाटककारांकडे गेला. व्यसनी, उतावळा, स्त्रीलंपट युवराज रंगभूमीला फार सोयीचा होता. ‘थोरातांची कमळा’ या कहाणीवर किती टाळ्या पडल्या असतील! राम गणेश गडकऱ्यांनी अपुरे ठेवलेल्या ‘राजसंन्यास’मध्येही तेच चित्र आहे. (गडकरी वारले ते आमच्याकडे, सावनेरला, २३ जानेवारी १९१९ रोजी. जानेवारी २०१७मध्ये याच नाटकाच्या कारणावरून पुण्याच्या संभाजी उद्यानातला त्यांचा अर्धपुतळा उखडून नदीत टाकण्यात आला.)

हे चित्र बदलले ते एका माणसाच्या चिकाटीने. वासुदेव सीताराम बेंद्रे यांनी मराठी, फारसी, इंग्रज आणि पोर्तुगीज कागद एकमेकांशी ताडून पाहिले आणि सुमारे चाळीस वर्षांच्या खटपटीनंतर १९६० साली ‘छत्रपती संभाजी महाराज’ हा ग्रंथ प्रसिद्ध केला. नऊ वर्षे एका बाजूला मुघल, दुसऱ्या बाजूला सिद्दी, तिसऱ्या बाजूला पोर्तुगीज यांच्याशी लढणारा राजा त्यातून दिसला. कमल गोखले यांनी पुढे ‘शिवपुत्र संभाजी’ लिहिले. याच बेंद्र्यांनी शिवाजी महाराजांचे म्हणून छापले जाणारे चित्र दुसऱ्याच माणसाचे आहे हे दाखवून १९३३ साली अस्सल चित्र पुढे आणले होते. पाठ्यपुस्तकाला खोटे ठरवायचे तर कसे, याचा हा वस्तुपाठ.

पण बेंद्रे वाचले किती जणांनी? मराठी वाचकाचे मन बदलले ते वसंत कानेटकरांच्या ‘रायगडाला जेव्हा जाग येते’ (१९६२) आणि ‘इथे ओशाळला मृत्यू’ (१९६८) या नाटकांनी, शिवाजी सावंतांच्या ‘छावा’ने (१९७९), विश्वास पाटलांच्या ‘संभाजी’ने. बखरीने बिघडवलेले चित्र संशोधनाने दुरुस्त केले, आणि ती दुरुस्ती वाचकापर्यंत पुन्हा कथेच्याच रूपाने पोचली. यात कादंबरीकारांचा दोष नाही. सावंतांनी जे केले ते कादंबरीकाराचे काम होते, आणि भाषेची झूल कधीकधी जड होत असली तरी त्यांनी ते मनापासून केले. दोष वाचनाच्या सवयीचा आहे. पहिली कथा खोटी निघाली म्हणून दुसरी कथा खरी, एवढाच धडा आपण घेतला. पहिली खोटी कशी ठरली, हे कोणी विचारले नाही. कादंबरीला तळटीप नसते. सिनेमाला तर पान उलटून मागे जाण्याचीही सोय नसते.

‘छावा’ चित्रपट १४ फेब्रुवारी २०२५ला लागला. चित्रपट म्हणून त्याचे गुणदोष इतरांनी सांगितले आहेत. मला त्याभोवती घडलेल्या तीन गोष्टी जास्त बोलक्या वाटतात.

पहिली असीरगडची. संभाजी महाराजांनी १६८१च्या आरंभी बुऱ्हाणपूर लुटले, हा प्रसंग चित्रपटात आहे. तो पाहून झाल्यावर मध्य प्रदेशात बुऱ्हाणपूरजवळ असीरगडाच्या परिसरात लोक रात्री टॉर्च घेऊन शेते खणू लागले. मुघलांचा खजिना सापडेल म्हणून. हसू येते, पण ही माणसे निदान पुरावा शोधत होती. पडद्यावर पाहिलेले खरे असेल तर जमिनीत काहीतरी सापडले पाहिजे, हा तर्क इतिहासाच्या कित्येक प्राध्यापकांपेक्षा सरळ आहे.

दुसरी शिर्क्यांची. संगमेश्वरी महाराज पकडले गेले त्यामागे फितुरी कोणाची, याविषयी साधने एका सुरात बोलत नाहीत. चित्रपटाने गणोजी आणि कान्होजी यांच्याकडे बोट दाखवले. शिर्के घराण्यातल्या लोकांनी आक्षेप घेतला, शंभर कोटींच्या दाव्याचा इशारा दिला. दिग्दर्शक लक्ष्मण उतेकर यांनी दिलगिरी व्यक्त केली आणि आपण आडनाव किंवा गाव घेतले नव्हते असे सांगितले. म्हणजे खुलासा झाला तो भावनांचा. कागद कोणता, तो किती जवळचा, त्याच्या विरुद्ध कोणता, हा प्रश्न ना आक्षेप घेणाऱ्यांच्या बोलण्यात ठळकपणे आला, ना उत्तर देणाऱ्यांच्या. चिटणिसाच्या बखरीने एका घराण्याचा राग इतिहासात घातला होता. आता घराण्याच्या रागाने इतिहासातून काही काढता येते का, हे पाहणे चालू आहे.

तिसरी विधानसभेची. १८ मार्चला मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांनी सभागृहात नागपूरच्या घटनेवर निवेदन करताना ‘छावा’ चित्रपटानंतर औरंगजेबाविषयी लोकांच्या भावना प्रज्वलित झाल्याचा उल्लेख केला. हल्ला पूर्वनियोजित वाटतो असेही सांगितले. त्याआधी औरंगजेबाविषयीच्या वक्तव्यावरून अबू आझमी यांचे अधिवेशनापुरते निलंबन झालेले होते. १९ मार्चला संघाचे सुनील आंबेकर यांनी औरंगजेब आज प्रासंगिक नाही, असे सांगितले. ३० मार्चला राज ठाकरे यांनी पाडव्याच्या सभेत व्हॉट्सअॅपवर इतिहास वाचणे बंद करा, असे सुनावले. एका महिन्यात इतक्या पुढाऱ्यांनी इतिहासावर मत दिले. त्यातल्या कोणी काय म्हटले यापेक्षा, ऐकणाऱ्याने ते कसे घेतले ते पाहा. आपल्या पुढाऱ्याचे वाक्य इतिहास म्हणून, दुसऱ्याच्या पुढाऱ्याचे वाक्य राजकारण म्हणून.

हे असे का होते, याचे उत्तर मला बालभारतीच्या सातवीच्या पुस्तकात सापडते. २०१७पासून चालू असलेल्या या पुस्तकावर मुघल गाळले म्हणून टीका झाली. मराठ्यांचा इतिहास केंद्रस्थानी आणला म्हणून कौतुकही झाले. मराठ्यांचे शतक दिल्लीच्या पुस्तकांत कित्येक वर्षे थोडक्यात उरकले जाई, तेव्हा ती जुनी तक्रार खोटी नव्हती. पण माझी तक्रार वेगळी आहे. या पुस्तकाचा पहिलाच पाठ ‘इतिहासाची साधने’ असा आहे, आणि तो चांगला आहे. भौतिक, लिखित, मौखिक अशी साधने समजावून दिल्यावर साधनांचे मूल्यमापन कसे करायचे तेही सांगितले आहे. कागद अस्सल आहे का, लिहिणाऱ्याचे हितसंबंध काय होते, त्याच्यावर दबाव होता का, हे तपासावे. मल्हार रामराव चिटणिसाला उघडा पाडायला एवढे पुरे आहे. बारा-तेरा वर्षांच्या मुलाला याहून मोलाचे काही शिकवता येत नाही.

आणि मग दुसरा पाठ सुरू होतो, तिसरा होतो, तेराव्यापर्यंत पुस्तक जाते, आणि पहिल्या पाठातली हत्यारे पुन्हा फारशी बाहेर निघत नाहीत. वाक्यामागून वाक्य येते, प्रत्येक ठाम. हे आपल्याला कोणाकडून कळले, दुसऱ्या कोणी वेगळे सांगितले का, याचा क्वचितच पत्ता. परीक्षेत पहिल्या पाठावर ‘साधनांचे प्रकार लिहा’ असा प्रश्न येतो आणि मूल ते तीन प्रकार लिहून मोकळे होते. गाडी चालवायला शिकवताना पहिल्या दिवशी ब्रेकची व्याख्या पाठ करून घ्यावी आणि नंतर त्याला पाय लावू देऊ नये, तसे हे शिक्षण आहे. अशा वर्गातून बाहेर पडलेल्या माणसापुढे दोनच वाटा राहतात. सगळे खरे मानणे, किंवा एक दिवस एक वाक्य खोटे निघाले की सगळेच खोटे मानणे.

एनसीईआरटीच्या पुस्तकांचा वाद २०२५ साली गाजला. सातवीच्या नव्या पुस्तकातून सुलतानशाही व मुघल गेले. जुलै २०२५मध्ये आठवीच्या पुस्तकात मुघल आले, पण इतिहासातल्या अंधाऱ्या कालखंडांविषयी एक टीप सोबत घेऊन. भूतकाळातल्या कृत्यांसाठी आजच्या कोणाला जबाबदार धरू नये, असे त्या टिपेत बजावले आहे. महालातल्या मार्चनंतर ही टीप वाचताना ती कोणासाठी लिहिली आहे ते कळते. याच आठवीच्या पुस्तकातल्या नकाशात जैसलमेर मराठा साम्राज्यात दाखवले म्हणून तिथल्या राजघराण्याने आक्षेप घेतला आणि तज्ज्ञांची समिती नेमली गेली. पुन्हा तेच. टीप आहे, समिती आहे, दिलगिरी आहे. तो नकाशा कोणत्या कागदावरून काढला, हे मात्र मुलाला त्या पानावर कळत नाही.

आता महालात परत येऊ. शाळेला खरोखर साधनांचा पाठ शिकवायचा असेल तर शुक्रवारीवरून निघून गांधी गेटपर्यंत मुलांना चालवत आणले तरी पुरे.

नागपूर वसवणारा बख्त बुलंद शाह हा देवगडचा गोंड राजपुत्र. गादीच्या भांडणात तो औरंगजेबाकडे गेला, मुसलमान झाला आणि बादशहाच्या पाठिंब्याने देवगडचा राजा झाला. ‘बख्त बुलंद’, म्हणजे थोर नशिबाचा, हे नाव त्याला तिथूनच मिळाले. पुढे त्यानेच बादशहाविरुद्ध बंड केले आणि मुघल मुलखात स्वाऱ्या केल्या. बादशहा इतका चिडला, की याला आता ‘निगूँ बख्त’, उलट्या नशिबाचा, म्हणावे असे त्याने फर्मावल्याचे इतिहासकार सांगतात. १७०२च्या सुमारास या माणसाने बारा खेडी एकत्र करून नागपूर वसवले. चांद सुलतान त्याचा मुलगा. ज्या दरवाज्याशेजारी औरंगजेबाची प्रतीकात्मक कबर जळाली, तो दरवाजा औरंगजेबाने आधी चढवलेल्या आणि मग धिक्कारलेल्या राजाच्या मुलाने बांधलेला आहे. हा मुसलमान, औरंगजेबाचा शत्रू, जातीने गोंड राजा कोणत्या गल्लीच्या गोष्टीत बसवायचा? कोणत्याच नाही. म्हणून तो दोन्ही गल्ल्यांत सांगितला जात नाही.

चांद सुलतानानंतर गादीचा तंटा झाला, राणीने वऱ्हाडातून रघूजी भोसल्यांना मदतीला बोलावले आणि ते आले ते राहिलेच. गोंड राजाला त्यांनी मारले नाही, हाकललेही नाही. त्याला नावापुरता राजा ठेवून शेजारी वाडा बांधला. त्या रघूजींनी १७४०च्या दशकात बंगालवर स्वाऱ्या केल्या. १७४४ साली त्यांचे सेनापती भास्करराम कोल्हटकर यांना अलीवर्दीखानाने भेटीला बोलावून दगाफटक्याने मारले. १७५१ साली तह होऊन ओरिसा आणि दरसाल बारा लाखांची चौथाई मिळाली. आपल्याकडे ही पराक्रमाची गोष्ट आहे. बंगालमध्ये ‘बर्गी’ हे नाव अजून मुलांना झोपवताना भीती घालायला वापरतात. कलकत्त्याभोवती इंग्रजांनी खणलेल्या चराचे नावच मराठा खंदक. गंगाराम नावाच्या तिथल्या कवीने त्याच काळात ‘महाराष्ट पुराण’ लिहिले. त्याची रचना पाहण्यासारखी आहे. लोकांची पापे फार झाली म्हणून शिव मराठ्यांना धाडतो; पण मराठे ब्राह्मण-वैष्णवांवर आणि बायकांवर अत्याचार करतात तेव्हा देवी रागावते आणि नबाबाच्या बाजूला जाते. भास्कररामाने दुर्गापूजा मांडलेली, आणि देवीचे मन मात्र अलीवर्दीकडे! आजचा एकही पक्ष ही मांडणी आपली म्हणणार नाही.

आता आमचे स्वतःचे साधन. ‘नागपूरकर भोसल्यांची बखर’ काशीराव राजेश्वर गुप्ते यांनी लिहिली, ती सीताबर्डीच्या लढाईत राज्य पडल्यानंतर, रेसिडेंट जेंकिन्सच्या सांगण्यावरून. पुढे यादव माधव काळ्यांनी तिचा उपयोग केला; त्यांचा ‘नागपूर प्रांताचा इतिहास’ १९३४चा, आणि आजही त्याच्याशिवाय पान हलत नाही. बखर जिंकणाऱ्यासाठी लिहिलेली, पण लिहिणारा हरलेल्यांच्या चाकरीतला. तिच्यावर विश्वास ठेवायचा की नाही? काळ्यांनी दोन्ही केले. एका ठिकाणी घेतले, दुसऱ्या ठिकाणी दुसऱ्या कागदाशी ताडून बाजूला ठेवले. त्यालाच इतिहास लिहिणे म्हणतात.

२०२५ साली रघूजींची एक तलवार लंडनच्या लिलावात निघाली. महाराष्ट्र सरकारने ती सत्तेचाळीस लाख पंधरा हजार रुपयांना घेतली आणि १८ ऑगस्टला ती मुंबईत आली. स्वागत झाले, मिरवणूक झाली, वर्तमानपत्रांत फोटो आले. तलवारीचे पाते युरोपात घडवलेले आहे. मूठ आपल्याकडची, सोन्याच्या नक्षीची, आणि पात्यावर देवनागरीत रघूजींचे नाव. तलवार गेली कशी, सीताबर्डीनंतरच्या लुटीत की १८५४ला राज्य खालसा झाल्यावर, याचे तर्कच आहेत. फिरंगी पाते, दख्खनी मूठ, बंगालची स्वारी, लंडनचा लिलाव. एवढ्या एका वस्तूवर सातवीच्या वर्गात महिनाभर बोलता येईल. बातम्यांत मात्र ‘घरी आली’ एवढेच होते. घर मुंबईला कसे, हा प्रश्न महालात एखाद्या म्हाताऱ्याने विचारला तर तेवढाच.

भोसल्यांचा काळ्या दगडाचा जुना राजवाडा १८६४ साली जळाला. त्याआधीचे आणि नंतरचे पुष्कळ या वस्तीने पाहिले. सप्टेंबर १९२७मध्ये याच महालात मिरवणुकीवरून दंगल झाली, आणि तिच्याही दोन हकिकती आजतागायत चालू आहेत. त्यांपैकी कुठली कोणत्या कागदावर उभी आहे, याचा शांतपणे लावलेला हिशेब सामान्य वाचकाच्या हाती अजून आलेला नाही.

१७ मार्चच्या कापडावर काय होते, हे आता कापड पाहून सांगता येणार नाही; ते जळले. उद्या पन्नास वर्षांनी कोणी काळे किंवा बेंद्रे या गोष्टीवर बसला तर त्याच्यापुढे काय असेल? पोलिसांचे पंचनामे, विधानसभेच्या कामकाजातले निवेदन, खटल्यांचे कागद, दोन-तीन वर्तमानपत्रांच्या जुन्या फायली, कोणाच्या तरी बंद पडलेल्या फोनमधले, तारीख नसलेले व्हिडिओ. शिवाय महालात त्या दिवशी हजर असलेल्या, तेव्हा दहा-बारा वर्षांच्या असलेल्या म्हाताऱ्यांच्या तोंडी आठवणी. ती मुले आज सातवीत आहेत. त्यांच्या दप्तरात ते पुस्तक आहे, आणि जूनमध्ये त्यांचा पहिला पाठ शिकवून झाला आहे.